किशनरावांचं लैसन

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. किशनराव अजून गेलेले नाहीत. चांगले ठणठणीत आहेत, दोन्ही वेळ पोटभर जेवतात. तेव्हा मला मोकळीक आहे. लोक आठवणी लिहितात त्या आवडत्या माणसांच्या, वाचताना आपलाही गळा दाटतो. माझ्यापुढे मात्र नोकरीचं गाव सोडल्यापासून हाच एक माणूस उभा राहतो, आणि त्याच्यासाठी माझ्याजवळ चांगला शब्द एक नाही. नसेना का! मनात घर करायचा हक्क काय फक्त भल्या माणसांनाच आहे?

मी मूळची पूर्णेची, वडील रेल्वेत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी नेमणूक झाली ती देवगाव फाट्यावर उतरून आत जावं लागणाऱ्या एका गावात. नवरा नांदेडला नोकरीला, मुलगी त्याच्याकडे. खोली शोधायला निघाले तर आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही एकट्या राहणार. किशनरावांकडं राहा. बंदूकवाल्याचं घर आहे, कोणाची हिंमत होणार नाही." मला ते पटलं. बंदुकीचा धाक चोराला असतो अशी माझी तोपर्यंत समजूत होती. किशनरावांच्या वाड्यालगतच्या दोन खोल्या मी घेतल्या आणि बरीच वर्षं तिथे काढली.

बंदूकवाला म्हटल्यावर डोळ्यांपुढे मिशा येतात. किशनरावांना मिशा नव्हत्या. गोल, गुळगुळीत चेहरा, पांढराशुभ्र नेहरू शर्ट, आणि आवाज असा मऊ की कीर्तनाला उभे राहिले असते तर बायांनी आरतीत नोटा टाकल्या असत्या. कोणाला अरेतुरे नाही, शिवी नाही, तंबाखू नाही. एकादशीला साबुदाणासुद्धा खात नसत, नुसत्या फळांवर राहत. गावात त्यांना सगळे आबा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायची. तो शब्द तोंडात घ्यायची अजूनही सवय गेलेली नाही, याचा मला राग येतो.

रोज सकाळी शाळेला निघायच्या वेळी ते ओसरीवर सतरंजी टाकून बंदूक पुसत बसलेले असायचे. दुनळी, आज्याच्या काळातली. लोखंडी गजाला तेलाची चिंधी लावून नळीतून आतबाहेर करायची, मग एक डोळा मिटून नळीतून उजेडाकडे बघायचं. हे सगळं करताना बंदुकीचं तोंड कायम माझ्या दाराकडे.

"रिकामी हाय हो, बाई," ते हसून म्हणायचे.

"आबा, रिकामीच आहे तर तुमच्या दाराकडं करून पुसा की."

"छे छे. घराकडं बंदुकीचं तोंड करू न्हाई. आमच्या आज्यानं सांगून ठेवलेलं हाय."

म्हणजे मी राहत होते ते घर नव्हतं. भाडं मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला घराचंच घ्यायचे.

त्यांच्या बोलण्यात दर चार वाक्यांनी एक शब्द यायचा, लैसन. परवाना म्हणत नसत, लायसन्सही नाही. त्याची कहाणी मला पहिल्याच आठवड्यात ऐकावी लागली आणि नंतर प्रत्येक पाहुण्याबरोबर पुन्हा पुन्हा. निजामाच्या राजात त्यांच्या आज्याने तालुकदारासाहेबाला माळावर शिकार खेळवली, साहेब खूश झाला, आणि त्याने आपल्या हाताने शिकारीचं लैसन दिलं. त्या काळी तसं मिळायचं म्हणे. कोणत्या महिन्यात तितर मारायचे, कोणत्या महिन्यात सोडून द्यायचे, हे सगळं त्यात लिहिलेलं असायचं. पुढे निजाम गेला, तालुकदार गेला. मग कायदा आला आणि शिकारच बंद झाली. तितर नाही, लाव्हा नाही, ससा नाही, काहीच मारायचं नाही. किशनरावांच्या हातात आता होता तो बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना, आणि तोही पीक राखण्यासाठी. एवढा फरक चौथीतल्या पोराला समजावून सांगता येतो. पण गावाला तो कधी समजला नाही, आणि किशनरावांनी तो समजू दिला नाही.

"लैसन म्हणजे लैसन," ते म्हणायचे. "गाडीचं लैसन एकदा काढलं की तुमी कुठल्या बी गावाला जातावच की."

आणि गाव माना डोलवायचं.

आता ह्या पीकरक्षकाची खरी गंमत सांगते. आमच्या भागात रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलेला. भुईमूग उकरतात, मका आडवी करतात, हरभऱ्यात लोळतात. दिवस मावळायला शेतकरी धावत यायचा, "आबा, चला की, डुकरं शिरलेत. समदं पीक आडवं केलंय बघा."

किशनराव शांतपणे विचारायचे, "अर्ज केलास का वनखात्याकडं?"

"आता अर्ज कवा करू आबा? शेतात हायत डुकरं!"

"असं चालतंय का? डुकराला मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागती. कायदा हाय. उद्या माझं लैसन गेलं म्हंजी गावाला कोण हाय?"

बिचारा हात जोडायचा. मग किशनराव फार उपकार केल्यासारखे उठायचे, वेशीपर्यंत जायचे आणि आभाळाकडे एक बार काढायचे. डुकरं दोन शेतं सोडून तिसऱ्यात जायची. तिसऱ्या शेतवाल्याने काही म्हणायची सोय नव्हती, कारण उद्या त्यालाही आबांचीच ओसरी गाठायची होती. मी तिथे असेपर्यंत त्यांनी एकही डुक्कर मारलेलं मला माहीत नाही. डुक्कर अंगावर येतं ना! जखमी झालं तर माणसाची मांडी फाडतं.

तितर अंगावर येत नाही. तितराला अर्जही लागत नव्हता.

थंडी पडली की पहाटेच माळावरून तितर बोलायला लागायचे. किशनराव कानटोपी घालून, खांद्यावर बंदूक टाकून निघायचे आणि ऊन चढायच्या आत टॉवेलात काहीतरी गुंडाळून यायचे. त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, ते टॉवेलातलं कधी चुलीजवळ येऊ दिलं नाही. मागच्या अंगणात तीन दगडांवर वेगळं भगुनं होतं. गडी पाखरं सोलायचा, मसाला लावायचा. आणि किशनराव स्वतः? स्वतः तोंडात घालायचे नाहीत! शाकाहारी माणूस. ते तितर स्टीलच्या डब्यांतून निघायचे आणि कुठे कुठे जायचे. कधी सेलूच्या ठाण्यात, कधी परभणीच्या कचेरीत. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं की डबे वाढायचे. पीक राखायची बंदूक हातात राहावी म्हणून माळावरची पाखरं मारायची, असा तो सगळा कारभार. शांताबाई एकदा धुणं वाळत घालता घालता मला म्हणाल्या, "बाई, ह्या घरात रोज कुणाचा तरी जीव जातोय अन् खाणारा बी आपला न्हाई." आणि त्यांनी पुढचं लुगडं पिळायला घेतलं.

ह्या माणसाचं एकच दुखणं होतं, निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. किशनराव ती गोधडीत गुंडाळून, लेकीला सासरी घालवायला निघाल्यासारखा चेहरा करून सेलूला घेऊन जायचे. परत आले की ओसरीवर नुसते बसून राहायचे. हात मोकळे, काय करावं सुचायचं नाही, मग सुपारीच कातरत बसायचे. एका वर्षी तर एक निवडणूक संपते न संपते तोच दुसरी लागली. तितर गावालगतच्या पांदीच्या वाटेवर येऊन बोलायला लागले, शाळेच्या कुंपणात पिलं घेऊन हिंडायला लागले. मी मुलांना खिडकीतून दाखवायची. किशनराव ओसरीवरून तो आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "बाई, ह्या लोकशाहीनं देशाचं लय वाटोळं केलं बघा." मी आयुष्यात निवडणुकांचे आभार मानले ते तेवढे दिवस.

एकदा आमच्या शाळेत वन्यजीव सप्ताहाचा कार्यक्रम होता. वनखात्याचे एक वनरक्षक येणार, मुलांना माहिती देणार. प्रमुख पाहुणे कोण? किशनराव! मुख्याध्यापकांना मी म्हटलं, "सर, अहो, मांजराला दुधाची राखण सांगता?" ते म्हणाले, "बाई, शाळेच्या गेटला देणगी त्यांनीच दिलीय." झालं. शाल आली, नारळ आला. किशनरावांनी मऊ आवाजात भाषण केलं. "लेकरांनो, पाखरांवर प्रेम करा. पाखरं हायत तर शिवार हाय." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत.

दुपारी पाहुण्यांना जेवण किशनरावांच्या अंगणात होतं. गावरान कोंबडीचा रस्सा म्हणून वाढला. वनरक्षक भला माणूस होता, भूक लागलेली, भाकरी कुस्करून जेवत होता. जेवता जेवता कट्कन आवाज झाला. त्याने गालाला हात लावला, तोंडातून काहीतरी काढलं आणि तळहातावर घेऊन पाहिलं. शिशाचा छर्रा. आता सांगा, गावरान कोंबडीला बंदुकीने कोण मारतं? पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. त्या वनरक्षकाने एकदा किशनरावांकडे पाहिलं. किशनराव अगदी काळजीने म्हणाले, "दाताला लागलं का हो? रस्सा वाढू का जरा?" वनरक्षकाने छर्रा ताटाच्या कडेला ठेवला आणि खाली मान घालून जेवण पुरं केलं. त्या दिवशी मला कळलं की ह्या माणसाला आपल्या इकडे काही होणार नाही.

हेच किशनराव दुसऱ्यासाठी कायद्याचे किती कट्टर होते तेही पाहिलं. माळावर एक फासेपारधी कुटुंब पाल ठोकून उतरलं होतं. त्या बाप्याने फास लावून लाव्ह्यांची जोडी धरली, आणि लेकराला ताप होता म्हणून ती विकायला फाट्यावर निघाला. किशनरावांनी त्याला वाटेतच गाठलं. दोघा गड्यांकडून धरवला, पाखरं हिसकावली आणि स्वतः फोन करून पोलीस बोलावले. त्याची बायको ओसरीसमोर येऊन पदर पसरून रडत होती. किशनराव तिला म्हणाले, "बाई, मी काय करू? कायदा समद्याला सारखा हाय. तुज्या नवऱ्याकडं लैसन न्हाई." असं म्हणून तिला चहा पाजला. तो चहा मला आजही आठवतो आणि अंगाची लाहीलाही होते. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, हा माणूस चोरी करून वर आशीर्वाद द्यायचा.

असं सगळं चाललं होतं, आणि तसंच चालत राहिलं असतं. मग कौसाबाईचं झालं.

कौसाबाई आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत राहायची. मजुरी करणारी बाई, पन्नाशीच्या आतबाहेरची. नवरा आणि मुलगा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. गुडघे धरल्यापासून ती मागे राहायची आणि गावात कापूस वेचायची. बोलायला तिखट. माझी कपडे वाळत घालायची दोरी तुटली तर न सांगता बांधून जायची आणि वर म्हणायची, "मास्तरीण झाल्या पर गाठ मारता येईना."

त्या दिवशी ती किशनरावांच्या तुरीला लागून असलेल्या शेतात वेचणीला होती. सकाळचीच वेळ. ओटी भरली म्हणून बांधाच्या कडेला वाकून ती कापूस गाठोड्यात रिकामा करत होती. तुरीतून तितर उडाले. तितर घारीसारखा वर जात नाही, तो जमिनीला धरून उडतो. किशनरावांनी बार काढला तोही जमिनीला धरून.

बाकीच्या बायांनी मला जे सांगितलं तेच लिहिते. कौसाबाई तोंड धरून खाली बसली. किशनराव तुरीतून बाहेर आले. आधी त्यांनी पडलेली दोन पाखरं शोधली, उचलली, टॉवेलात गुंडाळली. मग तिच्याकडे आले आणि म्हणाले, "तू हितं कामून बसलीस?"

बाया ओरडायला लागल्या तर त्यांना म्हणाले, "बोंबलू नका. छर्रे हायत, गोळी न्हाई."

शाळेत निरोप आला. डॉक्टरांशी बोलायला कोणी हवं म्हणून बायांनी मला बोलावलं. किशनरावांची जीप दारात उभी होती, पण गादीला रक्त लागेल म्हणून की काय, ती निघाली नाही. ऑटोतून सेलू, तिथून परभणी. गालातून, मानेतून, दंडातून डॉक्टरांनी छर्रे काढले, मोहरीएवढे. एक डाव्या डोळ्यात गेला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ह्या डोळ्याने आता दिसणार नाही.

मी ते कौसाबाईला सांगितलं. तिने पट्टीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "वेचणी तर एका डोळ्यानं बी होती, न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी सरपंच आणि गावातले चार जाणते दवाखान्यात आले. किशनराव आले नव्हते, त्यांनी केळी आणि बिस्किटं पाठवली होती. सरपंच खाटेजवळ बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला.

"कौसाबाई, पोलीस इचारतील. तू निस्तं इतकंच म्हण, आबानं डुकरावर बार काढला. डुक्कर निसटलं अन् तुला लागलं. बस्स."

"डुक्कर कुठं व्हतं?" कौसाबाई म्हणाली.

"व्हतं म्हणायचं. डुकरावर म्हणलं तर पिकासाठी केलं असं व्हतंय. तितर म्हणलं की आबाचं लैसन गेलंच समज, वरून जेल. गावात एकच बंदूक हाय, कौसाबाई. ती गेली तर डुकरं आपल्याला जगू देतील का?"

त्या सगळ्यांना माहीत होतं की डुकराला गोळी लागते, मोहरीएवढ्या छर्ऱ्यांनी डुक्कर अंगसुद्धा खाजवणार नाही. पोरासोरांनाही माहीत होतं. तरी ते पाचही जण तोंड वर करून बसले होते. मग सरपंचाने तिच्या नवऱ्याला फोन लावून दिला. तो तिकडे उसाच्या फडात होता, मुकादम किशनरावांच्या सोयऱ्यातला. नवरा म्हणाला, "डुक्कर म्हण अन् मोकळी हो. हितं मला लय तरास व्हायलाय."

कौसाबाईने विचारलं, "तुमी जेवलाव का?" आणि फोन परत दिला.

ते गेल्यावर तिने मला हाक मारली. "बाई, डुक्कर म्हणलं तर डोळा परत येतोय का?"

"नाही."

"अन् तितर म्हणलं तर?"

"तरी नाही, कौसाबाई."

"मग खरंच सांगते की. उगं खोटं कशाला बोलू?"

मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. डोळा तिचा होता, आणि त्या गावात जन्म काढायचाही तिलाच होता. माझी बदली कधी ना कधी होणार होती.

जबाब ग्रामपंचायतीत झाले. हवालदार होते आणि वनखात्याच्या एक नवीन वनपाल मॅडम. तरुण होत्या, कोणाच्या घरचा चहाही घ्यायला तयार नव्हत्या. किशनराव पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर. बाहेर अर्धं गाव. मी कौसाबाईबरोबर दारात उभी होते.

साक्षीदार एकेक करून सांगत गेले. एक म्हणाला डुक्कर काळं होतं. दुसरा म्हणाला डुकरीण होती, मागे पिलं होती. तिसऱ्याच्या बोलण्यात त्याचा कळपच झाला. सरपंचाने तर सुळ्यांची लांबी हाताने दाखवली. मॅडम सगळं ऐकून घेत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. डुकरावर बार काढला, असं तुमचं सगळ्यांचं म्हणणं. मग डुक्कर मारायची लेखी परवानगी कुठे आहे?"

सगळे सरपंचाकडे बघायला लागले.

"परवानगी लागते हे माहीत होतं का तुम्हाला?"

आणि आमचा सरपंच, आबांची बाजू राखायला आलेला सरपंच, छाती काढून म्हणाला, "माहीत हाय की मॅडम! आबाच तर समद्याला सांगत्यात. परवानगीबिगर डुकराला हात लावायचा न्हाई, कायदा हाय, असं आबा रोज म्हणत्यात. इचारा कुणाला बी!"

बाहेरून दोघाचौघांनी "व्हय व्हय" केलं. मला हसू आवरेना. किशनरावांचा गुळगुळीत चेहरा पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. ज्या कायद्याच्या नावाखाली त्यांनी अख्ख्या गावाला वेशीवरून परत पाठवलं, तोच कायदा गावाने मोठ्या प्रेमाने त्यांच्या गळ्यात घातला होता.

"लैसन हाय ना, मॅडम," ते हळूच म्हणाले.

"हा बंदूक ठेवायचा परवाना आहे. यावर डुक्कर मारता येत नाही आणि तितर तर नाहीच नाही."

मग कौसाबाईला पुढे बोलावलं. तिने पदर नीट केला, पट्टी बांधलेलं तोंड मॅडमकडे केलं आणि सांगितलं, "तितर व्हते. दोन पडले. आबानं आधी ते उचलले, मग माझ्याकडं आले." हवालदारांनी विचारलं, अजून काही सांगायचंय का. ती म्हणाली, "न्हाई. झालं."

बंदूक जप्त झाली. परवाना निलंबित झाला. कोर्टात खटला उभा राहिला आणि तारखा पडायला लागल्या, त्या अजून पडताहेत.

मला वाटलं होतं, आता तरी गावाचे डोळे उघडतील. छे! पुढच्याच महिन्यात डुकरांनी एकाचा भुईमूग उकरला आणि तो पारावर बसून बोंबलला, "कौसीनं गावाची बंदूक घालवली." लगेच सगळ्यांनी री ओढली. जी बंदूक डुकराच्या केसाला कधी लागली नाही तिच्यावाचून गाव पोरकं झालं! कौसाबाईला कोणी वेचणीला बोलवेना. दुकानदार बोलायचा बंद झाला. दोन कोसांवरच्या गावात बाया ऑटोतून मजुरीला जायच्या, त्यांच्यात ती जायला लागली. नवरा तोडीवरून आला तो पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही.

आणि किशनरावांच्या ओसरीवर माणसांची रीघ. कोणी मेल्यावर भेटायला यावं तशी. ते मऊ आवाजात म्हणायचे, "जाऊ द्या. आपलंच नशीब." माणसं डोळे पुसत उठायची. मी ओसरीवरून जाताना मान वळवून जायची. एकदा त्यांनी मला थांबवलं.

"बाई, तुमच्या मनात माझ्याबद्दल राग हाय, मला माहीत हाय. पर एक सांगू का? मी कौसाला माफ केलंय."

मी तिथेच उभी राहिले. "तुम्ही? तिला?"

"व्हय. अडाणी बाई हाय. तिला कोणीतरी शिकवलं. मनात ठेवून काय करायचं, म्हणून म्या माफ केलं." आणि अगदी समाधानाने हसले.

 द्यायला हवी होती ती उत्तरं मला नंतर सुचली. आत जाऊन मी दार आपटलं, इतक्या जोरात की चौकटीची माती पडली. एवढीच माझी मर्दुमकी.

त्यानंतर उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान टेम्पोत भरून झालं, किल्ली शांताबाईंच्या हातात दिली. त्यांनी कुंकू लावलं, ओटी भरली. मी गल्लीत टेम्पोजवळ उभी होते. गल्ली अरुंद, एका कडेने उघडी गटार. किशनराव मारुतीच्या देवळातून येत होते. ते येताना दिसले की बाया पदर पुढे ओढून भिंतीला लागायच्या, गल्ली मोकळी करून द्यायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्या तसं करायच्या. त्या दिवशीही दोघीतिघी भिंतीला लागल्या.

समोरून कौसाबाई आली. डोक्यावर तुराट्यांचा मोठा भारा, आडवा, गल्लीभर. किशनराव तिच्या डाव्या अंगाला होते. ते थांबले. ती बाजूला होईल म्हणून वाट बघत उभे राहिले. ती आपल्या चालीने सरळ येत राहिली. भारा अगदी तोंडाशी आला तेव्हा ते मागे सरले, अजून मागे सरले, आणि त्यांचा पाय गटारात गेला. पांढऱ्या धोतरावर घोट्यापर्यंत काळा चिखल. भिंतीला लागलेल्या बाया बघत होत्या, मी बघत होते, शांताबाई दारातून बघत होत्या.

इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"दिसंना का गं तुला?"

"न्हाई दिसत," कौसाबाई म्हणाली, आणि भारा सावरत पुढे गेली.